मंडपातील अंधार आणि बिनतारी प्रकाश

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधोमध वसलेले कुंभकोणम् हे नगर मराठी माणसाला सर्वस्वी परके नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावरास भोसल्यांची गादी स्थापन केली आणि 1855 पर्यंत ती या ना त्या रूपाने टिकून राहिली. त्या काळात गेलेली मराठी कुटुंबे कावेरीच्या काठी कायमची स्थिरावली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण म्हणून ज्यांचा लौकिक झाला ते सर टी. माधवराव 1828 मध्ये याच कुंभकोणम् गावी जन्मले. अशा या गावाची खरी ओळख मात्र त्याच्या देवालयांनी ठरविली आहे. दर बारा वर्षांनी भरणारा महामहमचा मेळा, रस्त्यांच्या टोकाटोकांना उभी असलेली गोपुरे आणि त्या गोपुरांच्या आत पसरलेले खांबांचे मंडप यांनी हे गाव भरून गेले आहे.

या मंडपांचा एक विशेष असा की, त्यांत शिरताना बाहेरचा लखलखीत उजेड उंबरठ्यापाशीच थबकतो. दक्षिणेच्या स्थपतींनी हे बुद्ध्याच केले आहे. गोपुरापासून गर्भगृहापर्यंत जाताना प्रकाश क्रमाक्रमाने मंदावत जावा आणि अखेरीस समईच्या ज्योतीत देवाचे मुख तेवढे दिसावे, अशी ती योजना आहे. कुंभकोणम् येथील नागेश्वराच्या देवळात तर चित्तिरै महिन्यात काही दिवस सूर्यकिरण सरळ गर्भगृहातील लिंगापर्यंत पोचतात आणि तो सोहळा पाहण्यास लोक दाटी करतात. वर्षाचे इतर दिवस सूर्याला तेथे प्रवेश नाही. भक्ताच्या दृष्टीने हा अंधार इष्टच होय. पण त्याच अंधारात खांबाखांबांवर जे कोरून ठेवले आहे त्याची नोंद करू इच्छिणाऱ्या छायाचित्रकाराला तो अंधार मोठा पेच घालतो.

गावापासून चार किलोमीटरांवर दारासुरम् येथे ऐरावतेश्वराचे मंदिर आहे. दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात ते बांधविले, आणि 2004 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत त्याचा समावेश झाला. या मंदिराच्या भिंतीवर शैव संतांच्या, म्हणजे नायन्मारांच्या, चरित्रांतील प्रसंग लहान लहान पट्टांत कोरलेले आहेत. त्यांतील काही आकृती वीतभरही उंच नाहीत. गावातल्या रामस्वामी मंदिरात नायक राजवटीतील कोरीव खांबांची रांग आहे आणि प्राकाराच्या भिंतीवर रामायणाची चित्रमाला आहे. अशा ठिकाणी कॅमेऱ्यावरच बसविलेला फ्लॅश उडविला तर काय होते? समोरून आलेला उजेड मूर्तीवर सपाट पडतो. तिच्या सगळ्या छाया तिच्याच पाठीमागे दडतात. शिल्पकाराने छिन्नीने जी खोली निर्माण केली ती नाहीशी होते आणि चित्रात उरतो तो पांढुरका, पसरट दगड. तोच उजेड बाजूने, दगडाला जवळजवळ घासत आणला, तर बोटांची पेरे, वस्त्रांच्या चुण्या, अलंकारांतील मणी, एवढेच नव्हे तर झिजलेली अक्षरेसुद्धा उठून दिसू लागतात. शिलालेखाच्या अभ्यासकाला हे तत्त्व चांगले परिचित आहे. दिवा समोर धरून वाचता न आलेली ओळ दिवा बाजूला नेताच वाचता येते.

या प्रांतातील छायाचित्रणाची परंपराही जुनी आहे. मद्रास सरकारचे छायाचित्रकार लिनिअस ट्राइप यांनी 1858 मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या पायथ्याभोवतीचे शिलालेख टिपले आणि एकवीस छायाचित्रे एकापुढे एक जोडून सुमारे एकोणीस फूट लांबीचा पट तयार केला. कृत्रिम प्रकाशाची सोय त्यांच्यापाशी नव्हती. सूर्य भिंतीवर तिरपा येईल तेव्हा काम करायचे, एवढेच त्यांच्या हाती होते. त्याच मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी 1803 मध्ये भोसलेवंशाचा इतिहास मराठीत कोरविला आहे. मराठीतील अतिशय दीर्घ शिलालेखांत त्याची गणना होते. तो वाचणाऱ्यालाही प्रकाशाच्या दिशेचा हाच धडा गिरवावा लागतो.

आता कोणी म्हणेल की, ही सारी सौंदर्याची चर्चा झाली. छायाचित्र थोडे सपाट आले तर बिघडले कोठे? बिघडते ते असे. पुदुचेरी येथील फ्रेंच संशोधन संस्था 1955 मध्ये स्थापन झाली. तिच्या माणसांनी पुढील काही दशकांत खेडोपाडी हिंडून दक्षिणेतील देवळांची आणि मूर्तींची लाखाहून अधिक छायाचित्रे जमविली. त्या वेळी तो निव्वळ विद्वानांचा उद्योग वाटला असेल. परंतु कोल्लिडम् नदीपलीकडील श्रीपुरंदान् या गावच्या देवळातून चोरीस गेलेला नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आढळला, तेव्हा तो हाच हे पटविण्यास त्या संग्रहातील छायाचित्रे उपयोगी पडली. 2014 मध्ये तो नटराज भारतात परत आला. मूर्तिचोरीच्या खटल्यांचे कामकाज ज्या न्यायालयात चालते ते कुंभकोणम् येथेच आहे. उदयारपाळैयम् येथील देवळातील चोरीच्या प्रकरणी न्यूयॉर्कच्या एका कलावस्तूंच्या व्यापाऱ्यास 1 नोव्हेंबर 2022 रोजी याच न्यायालयाने दहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली.

कुंभकोणम्‌जवळच्या स्वामिमलै गावात आजही पंचधातूच्या मूर्ती मेणाच्या पद्धतीने ओतल्या जातात. मेणाची मूर्ती घडवून तिच्यावर मातीचा लेप द्यायचा, मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. मूर्ती बाहेर काढताना साचा फोडावाच लागतो. म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती निघते आणि कोणत्याही दोन मूर्ती तंतोतंत सारख्या असत नाहीत. एखादा बारीक खड्डा, पाठीमागच्या प्रभावळीतील एखादी तुटलेली ज्वाळा, पीठावरची चार अक्षरे, हीच तिची ओळख होय. ही ओळख सपाट उजेडात घेतलेल्या चित्रात पुसली जाते आणि तिरप्या उजेडात घेतलेल्या चित्रात टिकते. छायाचित्र पुढे पुरावा ठरावयाचे असेल, तर दिव्याची जागा हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही.

दिवा कॅमेऱ्यापासून दूर न्यायचा म्हटले की, तो योग्य क्षणी उडविणार कसा, हा प्रश्न उभा राहतो. कॅमेऱ्याची झडप उघडी असते ती सेकंदाचा शंभरावा किंवा दोनशेवा भाग. फ्लॅशचा लखलखाट त्याहूनही अल्पजीवी. या दोहोंची गाठ पडली पाहिजे. तार जोडावी तर यात्रेकरूंच्या पायांत ती अडकते, दिवा कोसळतो आणि चार माणसांचा रोष ओढवतो. म्हणून बिनतारी ट्रिगर आला. 1887 मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमची चमकपूड प्रचारात आली आणि 1930 च्या सुमारास काचेचे फ्लॅशबल्ब आले. पुढे अमेरिकेत हॅरल्ड एजर्टन यांनी विजेच्या चमकदिव्याला शास्त्रीय रूप दिले. बिनतारी स्फोटाची कल्पना मात्र आपल्याच देशात फार पूर्वी प्रत्यक्षात आली होती. 1895 मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी विद्युच्चुंबकीय लहरी भिंतींतून पार करून पलीकडची घंटा वाजवून दाखविली आणि बंदुकीची दारूही पेटवून दाखविली. आजचा ट्रिगर हा त्याच प्रयोगाचा खिशात मावणारा वंशज म्हणावा लागेल.

या साधनाचे दोन भाग असतात. एक प्रक्षेपक. तो कॅमेऱ्यावर बसतो आणि झडप उघडताच एक छोटा सांकेतिक संदेश हवेत सोडतो. दुसरा ग्राहक. तो दूरच्या फ्लॅशखाली बसतो आणि आपला संकेत ओळखताच फ्लॅशचे दोन टोक जोडून देतो. संदेशाला अंतर कापण्यास लागणारा वेळ नगण्य असतो. तीस मीटर अंतर बिनतारी लहर सेकंदाच्या एक कोटीव्या भागात पार करते. जो काही विलंब होतो तो संकेत ओळखणाऱ्या मंडलात. नामांकित कंपन्यांचे संच महाग असतात. पण गेल्या वीस वर्षांत चिनी बनावटीचे अत्यंत स्वस्त संच बाजारात आले आणि लहान गावातील लग्नसमारंभाचे छायाचित्रण करणाऱ्याच्या पिशवीतही त्यांनी जागा मिळविली. आरंभीचे बहुतेक स्वस्त संच 433 मेगाहर्ट्झच्या लहरीवर चालत. पुढे 2.4 गिगाहर्ट्झचे आले आणि आज तेच सर्वत्र दिसतात.

पेटीवर तीस मीटर किंवा शंभर मीटर असा पल्ला छापलेला असतो. तो सर्वस्वी खोटा नसतो. मोकळ्या मैदानात, नवे सेल घालून, मध्ये कोणीही उभे नसताना तो मिळूही शकतो. मंडपात मात्र तोच संच थोड्याशा अंतरावरच चुकू लागतो. दहा वेळा कळ दाबावी, सात वेळा दिवा लागावा, तीन वेळा चित्र काळे यावे, असा प्रकार होतो. निश्चल खांबाचे चित्र पुन्हा घेता येते. परंतु उत्सवमूर्ती पालखीतून निघून गेली की ती परत त्या क्षणी तेथे उभी राहत नाही. म्हणून पल्ला वाढविणे याचा खरा अर्थ विश्वासार्हता वाढविणे असा आहे. शंभर मीटरांवर एकदा लागणाऱ्या दिव्यापेक्षा पंधरा मीटरांवर दर वेळी लागणारा दिवा हजार पटींनी उपयोगी.

पल्ला वाढवावयाचा म्हणजे प्रक्षेपकाची शक्ती वाढवावयाची, हा विचार प्रथम मनात येतो. तो दोन कारणांनी टाकून द्यावा. पहिले कारण कायद्याचे. आपल्या देशात 2005 पासून 2400 ते 2483.5 मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याविना वापरता येतो, पण तो ठरावीक शक्तीच्या मर्यादेतच. 433 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात तर अत्यल्प शक्तीचीच मुभा आहे. सार्वजनिक लहरींवर प्रत्येकाने आवाज चढविला तर कोणाचेच कोणाला ऐकू येणार नाही. दुसरे कारण निसर्गनियमाचे. लहर दूर जाते तसतशी ती अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होते. अंतर दुप्पट करावयाचे तर शक्ती चौपट हवी आणि तिप्पट करावयाचे तर नऊपट. एवढी शक्ती चिमुकल्या सेलातून येणार कोठून?

येथे नभोवाणीच्या श्रोत्याला आपला अनुभव उपयोगी पडेल. दूरचे केंद्र नीट ऐकू येत नाही ते प्रत्येक वेळी केंद्र दुबळे असते म्हणून नव्हे. कित्येकदा शेजारच्या खोलीतील शिवणयंत्राची मोटर किंवा बिघडलेली ट्यूब खरखर निर्माण करीत असते आणि त्या खरखरीत आवाज बुडून जातो. ग्राहकाला हवा असतो तो संदेशाचा निव्वळ जोर नव्हे, तर खरखरीच्या मानाने त्याचा जोर. बोलणाऱ्याने चौपट ओरडावे किंवा ऐकणाऱ्याभोवतीचा गलका एकचतुर्थांश व्हावा, फळ एकच. दुसरा मार्ग स्वस्तही आहे आणि सभ्यही.

आता हा गलका करतो कोण? गंमत अशी की, बहुधा खुद्द फ्लॅशच. फ्लॅशमध्ये चार लहान सेल असतात. त्यांचा सहा व्होल्टांचा दाब आतील मंडल सुमारे तीनशे व्होल्टांपर्यंत चढविते आणि एका संग्राहकात वीज साठविते. हे करताना ते मंडल वेगाने चालू-बंद होत असते. कान देऊन ऐकले तर त्याची बारीक शीळ ऐकू येते. त्या शिळेबरोबर बिनतारी खरखरही बाहेर पडते आणि ग्राहक तर नेमका त्याच फ्लॅशच्या तळाशी चिकटलेला असतो. जुन्या 433 मेगाहर्ट्झच्या स्वस्त संचांतील ग्राहकाची रचना अगदी साधी असे. आपली लहर आणि शेजारची लहर यांतील विवेक तिला फारसा नव्हता. त्यामुळे ही खरखर त्या संचांना विशेष बाधे. हा दोष केवळ स्वस्त संचांचा होता असेही नाही. 2009 च्या सुमारास एका महागड्या आणि नामांकित ट्रिगरचा पल्लाही काही फ्लॅशांच्या खरखरीमुळे घटला होता आणि फ्लॅशवर चढविण्यासाठी धातुमिश्रित कापडाचे खास आवरण काढावे लागले होते.

उपाय अगदी साधा आहे. ग्राहक फ्लॅशखाली न ठेवता दीड-दोन फुटांची जोडतार घेऊन तो दिव्याच्या दांडीवर बाजूला बांधावा. एवढ्या एका बदलाने चुकणारा दिवा नियमाने लागू लागल्याचे पुष्कळदा दिसून येते. कारण अंतर वाढताच खरखरही त्याच वर्गाच्या नियमाने, किंबहुना अगदी जवळच्या टप्प्यात त्याहूनही झपाट्याने, उतरते. जो नियम संदेशाला मारक होता तोच येथे तारक ठरतो. शिवाय फ्लॅशच्या बुडातील धातूची पट्टी एरिअलला झाकून बसते, ती आडही दूर होते.

दुसरी गोष्ट एरिअलची. प्रत्येक लहरीला तिच्या लांबीच्या मापाचे एरिअल मानवते. 433 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे 69 सेंटिमीटर. तिचा चतुर्थांश म्हणजे सुमारे 17 सेंटिमीटर. स्वस्त संचाच्या डबीत एवढी तार सरळ मावत नाही, म्हणून कारखानदार तिची छोटी वेटोळी करून कोंबतो. जागा वाचते, पण लहर सोडण्याची आणि पकडण्याची ताकद घटते. ज्याला सोल्डर करता येते अशा माणसाने ती वेटोळी काढून तेथे 17 सेंटिमीटरांची सरळ तार जोडली आणि ती डबीबाहेर उभी ठेवली, तर काही रुपयांत पल्ला चांगलाच वाढतो. ग्राहकाला हा बदल अवश्य करावा. ऐकण्याची शक्ती वाढविण्यात कोणाचा उपद्रव नाही. 2.4 गिगाहर्ट्झच्या संचाची गोष्ट निराळी. त्याची लहर अवघी बारा सेंटिमीटर आणि चतुर्थांश तीनच सेंटिमीटर. तेथे एरिअल मंडलाच्या पट्टीवरच छापलेले असते आणि त्याचे माप कारखान्यात साधलेले असते. त्याला हात न लावणे हेच शहाणपण. त्या संचात सुधारणा करावयाची ती जागेची, जोडणीची नव्हे.

जागेचे नियमही ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. प्रक्षेपकाचे आणि ग्राहकाचे एरिअल एकमेकांशी समांतर असावे. एक उभे आणि दुसरे आडवे असले की संदेशाचा बराचसा भाग वाया जातो. कॅमेरा उभ्या चित्रासाठी फिरविला की दिवा लागेनासा होतो, या नेहमीच्या तक्रारीचे एक कारण हेच. तारेचे टोक दुसऱ्या बाजूकडे रोखण्याची सवय पुष्कळांना असते, तीही चुकीची. सरळ तारेच्या टोकाकडे लहर जवळजवळ जातच नाही, ती कुशीकडे जाते. दोन्ही एरिअले छातीच्या, शक्य तर डोक्याच्या उंचीवर असावीत. माणसाचे शरीर बहुतांशी पाण्याचे बनलेले आहे आणि पाणी 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी शोषून घेते. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीही याच सुमाराच्या लहरींवर चालते. सबब दिवा आणि कॅमेरा यांच्यामध्ये यात्रेकरूंची भिंत उभी राहिली की संदेश अडतो. तो त्यांच्या माथ्यावरून जाऊ द्यावा.

कुंभकोणम्‌च्या मंडपांत आणखी एक कौतुकाचा प्रकार आढळतो. दगडी खांबांवर, फरशीवर आणि छतावर आदळून लहरी परततात. एकच संदेश अनेक वाटांनी ग्राहकापाशी येतो. काही जागी या वाटा एकमेकींना साहाय्य करतात, काही जागी एकमेकींना मारून टाकतात. त्यामुळे दिवा पाच पावलांवर न लागता सात पावलांवर लागावा, असे घडते आणि माणूस यंत्राला दोष देतो. अशा वेळी दांडी उचलून दूर नेण्याचे कारण नाही. 2.4 गिगाहर्ट्झच्या संचात ग्राहक तीन-चार सेंटिमीटर सरकविला आणि 433 मेगाहर्ट्झच्या संचात वीतभर सरकविला, तरी तो मृत जागेतून जिवंत जागेत येऊ शकतो. चतुर्थांश लहरीचा हिशेब येथेही लागू पडतो. मात्र मध्ये सबंध खांब आड येत असेल तर युक्ती चालत नाही. तेथे दृष्टीला दृष्टी भिडेल अशी वाट शोधावी. डोळ्याला जेथून दिवा दिसतो तेथून लहरीलाही बहुधा तो गवसतो.

उरलेल्या गोष्टी किरकोळ वाटतात, पण त्यांनीच काम अडते. जुन्या 433 मेगाहर्ट्झच्या प्रक्षेपकात बारा व्होल्टांचा बारीक सेल असतो. तो उतरला की यंत्राचा दिवा लुकलुकत राहतो, पण शक्ती घटलेली असते. म्हणून महत्त्वाच्या दिवशी नवा सेल घालावा. ग्राहकाच्या आणि फ्लॅशच्या पिना घाम, तेल आणि देवळातील धूर यांनी काळवंडतात. त्या कोरड्या कापडाने पुसाव्यात. परिसरात वायफायची गर्दी असेल तर संचाची वाहिनी बदलून पाहावी. फार जुना फ्लॅश जोडण्यापूर्वी त्याच्या पिनांवरील दाब मीटरने मोजावा. काही जुन्या फ्लॅशांत तो दोनशे व्होल्टांच्या वर असतो आणि स्वस्त ग्राहक त्याने क्षणात जळून जातो. दिवा लागला, पण चित्राचा एका बाजूचा भाग काळा आला, तर दोष पल्ल्याचा नसतो. झडपेचा वेग अधिक ठेवलेला असतो, तो उतरवावा.

हे सर्व उपाय एकदम करून मोकळे होण्याचा मोह आवरावा. कशाने गुण आला हे कळले नाही तर पुढच्या वेळी तेच कोडे पुन्हा पडते. एक वही करावी. पाच, दहा, पंधरा, वीस पावले अशा खुणा कराव्यात. प्रत्येक खुणेवर दहा वेळा कळ दाबून किती वेळा दिवा लागला ते लिहावे. मग एकच बदल करावा आणि पुन्हा दहा वेळा मोजावे. कसोटी दहापैकी दहाची ठेवावी, नऊची नव्हे. चाचणी फ्लॅश भारित होत असतानाही घ्यावी, कारण खरखर त्याच वेळी सर्वांत जास्त असते. गावातील एखाद्या रिकाम्या सभागृहात एक संध्याकाळ घालविली तर आपल्या संचाचा खरा पल्ला कळतो. पेटीवर छापलेल्या आकड्यापेक्षा वहीतील आकड्यावर विसंबणारा माणूस सहसा फसत नाही.

बिनतारी मार्ग अजिबात साधत नसेल तर प्रकाशाने चालणारा ट्रिगर असतो. एका फ्लॅशचा उजेड पाहून दुसरा फ्लॅश लागतो. अंधाऱ्या मंडपात तो चांगला चालतो. परंतु शेजारच्या यात्रेकरूने आपला फ्लॅश उडविला की हाही लागतो आणि ऐन वेळी तो भारित नसतो. गर्दीच्या जागी त्यावर भिस्त ठेवता येत नाही.

पल्ला वाढला म्हणजे अधिकार वाढला असे मात्र कोणी समजू नये. दारासुरम्‌चे मंदिर केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली आहे. अशा स्मारकांत दिवे आणि दांड्या लावून काम करण्यास आगाऊ परवानगी लागते. नांदत्या देवळांत व्यवस्थापनाची अनुज्ञा हवी, आणि गर्भगृहातील मूर्तीचे चित्र घेण्याची मनाई मुकाट्याने पाळली पाहिजे. भिंतीवरील जुन्या रंगचित्रांवर फ्लॅशचा मारा टाळलेला बरा. तेथे मंद आणि स्थिर उजेड वापरावा. पूजा चालू असता लखलखाट करणे हे तर शिष्टाचारालाच सोडून आहे. ज्याची नोंद ठेवावयाची त्याचाच अवमान झाला तर नोंदीला अर्थ काय राहिला?

मोठ्या संस्था आपल्या पद्धतीने काम करीतच राहतील. त्यांच्यापाशी साधने आहेत, माणसे आहेत. परंतु तमिळ देशात देवळे हजारो आहेत आणि महाराष्ट्रातही गावोगाव हेमाडपंती मंडप, वीरगळ आणि झिजलेले शिलालेख अंधारात पडून आहेत. त्या सर्वांपर्यंत संस्था पोचणार नाही. गावातला छायाचित्रकार पोचू शकतो. लग्नसराई संपली की त्याचा कॅमेरा रिकामा असतो. त्याच्या पिशवीतील स्वस्त ट्रिगर आणि एक फ्लॅश एवढी सामग्री या कामाला पुरते. फक्त ती योग्य रीतीने मांडली पाहिजे. प्रत्येक चित्रामागे गावाचे नाव, देवळाचे नाव, तारीख आणि मूर्तीची उंची एवढे टिपले आणि त्याची एक प्रत गावाबाहेर सुरक्षित ठेवली, तर ते चित्र उद्या एखाद्या अभ्यासकाच्या कामी येईल. आणि तशी वेळ न येवो, पण आलीच, तर न्यायाधीशापुढेही ते उभे राहू शकेल.

स्वस्त वस्तू टाकाऊ असते, ही समजूत सर्वस्वी खरी नाही. स्वस्त वस्तूत कारखानदाराने काही कष्ट वाचविलेले असतात आणि ते वापरणाराकडे सोपविलेले असतात. सतरा सेंटिमीटर तार, दीड फुटांची जोडतार, एक वही आणि एका संध्याकाळचा धीर, एवढ्यात ते कष्ट फिटतात. शिल्पकाराने हातभर खांबावर जी हजार वर्षांची कथा कोरली तिच्यापुढे हा खर्च काहीच नव्हे.